चिखलदऱ्याची ऑक्टोबर ड्राइव्ह: हळू का जायचं?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)

 

दसरा आटोपला की अकोला-अमरावतीच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज येतोच. "रविवारी चिखलदरा?" खाली सात जणांचे अंगठे, आणि प्रत्यक्षात निघतात तीन. पण निघतात. आणि दरवर्षी त्यातला कुणीतरी वर पोचून म्हणतो, "ऑटम ड्राइव्ह म्हणून आलो होतो बे, इथं तं सगळं हिरवंच हाय!"

याचं कारण सोपं आहे. आपल्या फोनमध्ये ऑटम म्हणजे कॅनडातली लाल झाडं, नाहीतर काश्मीरचे चिनार. ते डोक्यात ठेवून आपण गाविलगडच्या डोंगरात शोधतो. सापडत नाही. मग दोन पॉइंटवर रील काढतो, मक्याचं कणीस खातो, आणि सूर्य बुडायच्या आत घाट उतरायची घाई करतो.

आजच्या भागात मला एकच गोष्ट सांगायची आहे. ही ड्राइव्ह हळू करा. सेफ्टीसाठी तर आहेच, पण त्याहून जास्त कारणं आहेत. ती सगळी रस्त्यातच भेटतात, म्हणून आपण रस्त्यानेच जाऊ.

आपला शरद कसा असतो

आधी रंगांचं बोलू. मेळघाटचं जंगल म्हणजे पानगळीचं जंगल. मुख्य झाड साग. सोबत ऐन, धावडा, तेंदू, मोहा, हळदू, बिबा, सालई, आवळा आणि भरपूर बांबू. ही झाडं पानं गाळतात, पण ऑक्टोबरात नाही. थंड देशातली झाडं गारठ्यामुळे पानं टाकतात. आपली झाडं पाण्याच्या टंचाईमुळे टाकतात. जमिनीतली ओल संपायला लागते तसं झाड पानांतून होणारा पाण्याचा खर्च बंद करतं. म्हणजे खरी पानगळ दिवाळी उलटल्यावर सुरू होते आणि शिशिरात पूर्ण होते. आणि लाल रंग पाहिजे असेल तर फाल्गुनात या. तेव्हा पळस फुलतो आणि कुसुमाच्या झाडाला कोवळी तांबडी पालवी फुटते. आपल्याकडचं लाल पान मरायला टेकलेलं नसतं, नुकतं जन्मलेलं असतं.

मग ऑक्टोबरात काय बघायचं? एक, हवा. चार महिन्यांच्या पावसाने हवेतली धूळ धुऊन निघालेली असते. नोव्हेंबरच्या शेवटी जिथे नुसता धुरकट पडदा दिसतो, तिथे ऑक्टोबरात डोंगराच्या एकामागे एक रांगा मोजता येतात. दोन, पाणी. धबधब्यांचा आवाज कमी झालेला असतो, पण धार असते. तीन, साग. नीट बघितलं तर या दिवसांत सागाची कितीतरी पानं तपकिरी, जाळीदार झालेली दिसतात. लोकांना वाटतं पानगळ सुरू झाली. ते काम एका अळीचं असतं. ती पानातला हिरवा भाग खाते आणि शिरा सोडते. मागे उरतं ते लेससारखं पान. उन्हासमोर धरून बघा. मोबाइलच्या मॅक्रो लेन्सचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

आता सांगा, हे पान ताशी ६० च्या स्पीडने दिसेल का?

खालून वर

रस्ते दोन. अमरावतीहून निघालात तर परतवाडा साधारण ५० किलोमीटर, आणि तिथून चिखलदरा आणखी तीसेक. अकोल्याहून अकोट, अंजनगाव सुर्जी करत परतवाडा गाठायचा. शंभरेक किलोमीटर होतात.

हा सपाटीचा भाग झोपून काढू नका. ऑक्टोबरात सोयाबीन निघालेलं असतं किंवा निघत असतं. कपाशीची बोंडं फुटायला लागलेली असतात. परतवाड्याच्या आसपास संत्र्याच्या बागांमध्ये अंबिया बहाराची फळं रंगावर येतात. अंजनगावकडे केळी, पानाचे मळे आणि पानपिंपरी. अकोलेकरांसाठी एक गंमत सांगतो. शाळेत इतिहासात 'सुर्जी-अंजनगावचा तह' पाठ केला होता ना? ३० डिसेंबर १८०३, इंग्रज आणि शिंदे. ते गाव हेच. आपण तिथे नाश्त्याला थांबतो आणि पुढे जातो. तो तह का झाला, त्यातलं एक कारण वर डोंगरात आहे. तिथे पोचलो की सांगतो.

परतवाड्यात टाकी फुल्ल करा, ऑफलाइन मॅप उतरवून घ्या, घरी फोन करून ठेवा. पुढे नेटवर्क येतं-जातं.

परतवाड्याहून वर जायला धामणगाव गढी-मोथामार्गे एक रस्ता आहे आणि घटांगमार्गे दुसरा. मी मोथ्याकडून चढतो आणि घटांगकडून उतरतो, म्हणजे एकच घाट दोनदा बघावा लागत नाही. परतवाडा समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आत, चिखलदरा १,११८ मीटर. म्हणजे तीसेक किलोमीटरात आपण सातशे मीटरच्या वर चढतो. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने तापमान चार-पाच अंशांनी उतरतं. खाली ऑक्टोबर हीट, वर काच खाली करून हात बाहेर काढला तर गार. एसी बंद करा. इंजिनलाही चढावर बरं, आणि तुम्हाला पक्षी ऐकू येतात.

मोथ्याजवळ थांबलात तर गवळ्यांकडचा खवा बघा. थंडीत इथे स्ट्रॉबेरीही होते. चिखलदऱ्याला कॉफीही पिकते. विदर्भात कॉफीचं झाड बघायचं तर हीच जागा.

देवी पॉइंटवरून दर्यापूर

चिखलदऱ्यात पॉइंट बरेच. भीमकुंड, देवी पॉइंट, मोझरी, हरिकेन, पंचबोल, प्रॉस्पेक्ट, गोराघाट, आणि सगळ्यात उंच वैराट, १,१७८ मीटर. सगळे एका दिवसात 'करायचे' असं ठरवून येणारे लोक असतात. माझं म्हणणं, तीन बघा. पण प्रत्येक ठिकाणी अर्धा तास बसा, आणि आपण नेमकं काय बघतोय ते समजून घ्या.

भीमकुंडाची कथा तुम्हाला माहीत असेल. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं, त्या कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं असं लोक सांगतात. आणि वैराट म्हणजे विराट राजाची नगरी. कथा आहे, छान आहे.

मला जास्त ओढ आहे देवी पॉइंटची. इथे कपारीत देवीचं ठाणं आहे, खडकातून पाणी झिरपतं, आणि चंद्रभागा नदी इथूनच उगम पावते. पंढरपूरची नव्हे, आपली. कड्यावर उभे राहा आणि दक्षिणेकडे बघा. डोंगर एकदम तुटतो आणि खाली सपाट मैदान सुरू होतं, पार क्षितिजापर्यंत. मध्ये चढ-उतार जवळजवळ नाहीच. असं का? कारण इथे जमीन फाटलेली आहे. भूगर्भशास्त्रात याला गाविलगड भ्रंश म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी जमीन खचली, आणि त्या खोलगट भागात नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून टाकला. तो गाळ म्हणजे पूर्णेचं खोरं. आपली काळी माती. आपला कापूस.

पण त्या गाळात अजून एक गोष्ट आहे. मीठ. खाली जे सपाट दिसतंय ना, त्यातला मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव. विहीर खणली, बोअर मारली, पाणी लागतं, पण खारं. पिता येत नाही, शेताला दिलं तर जमीन बिघडते. माझं आजोळ याच पट्ट्यातलं. लहानपणी सुट्टीत गेलो की आजी अंघोळीचं पाणी आणि प्यायचं पाणी वेगळं ठेवायची. प्यायच्या पाण्याच्या हंड्याला आम्ही पोरांनी हात लावलेला तिला चालायचा नाही.

आता कड्यावरून मागे वळून जंगलाकडे बघा. खालच्या त्या पट्ट्याला गोडं पाणी कुठून जातं? या डोंगरातून. अंजनगावजवळच्या शहानूर धरणातून अंजनगाव-दर्यापूर भागातल्या गावांना पाणी जातं. वान नदीवरच्या हनुमान सागर धरणातून अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना जातं. चंद्रभागा, सापन, शहानूर, वान, या सगळ्या नद्या याच रांगेतून दक्षिणेकडे उतरून पूर्णेला मिळतात. जंगल त्यांचं पाणी लगेच वाहून जाऊ देत नाही आणि माती धरून ठेवतं, म्हणून धरणं गाळाने लवकर भरत नाहीत. देवी पॉइंटला जी बारीक धार तुमच्या बुटावर पडते, तिचं पाणी चंद्रभागेतून दर्यापूरला जातं.

मी हे पहिल्यांदा नकाशावर जुळवून बघितलं तेव्हा मला तो हंडा आठवला. व्ह्यू म्हणून आपण जे बघतो ती खरं तर एक पाइपलाइन आहे. वरून सुरू होते, आजीच्या घरात संपते.

आणि डोंगराच्या दुसऱ्या बाजूचं पाणी? मेळघाटातल्या सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्या उत्तरेला-पश्चिमेला वळून तापीला जातात. म्हणजे या धारेवर पडलेल्या पावसाचे दोन भाग होतात. एक पूर्णेत, दुसरा तापीत. पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवला पूर्णा आणि तापीचा संगम होतो आणि ते पुन्हा भेटतं. पुढच्या वेळी कुणी विचारलं ना, पॉइंटवर बघायसारखं काय आहे, तर हे सांगा.

गाविलगड: रस्ता कुणी केला?

आता तो राहिलेला इतिहास. चिखलदऱ्याजवळच गाविलगड. नाव गवळ्यांवरून आलं. बहामनी काळात १४२५-२६ च्या सुमारास इथे पक्का किल्ला उभा राहिला, पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीने तो वाढवला. इमादशाहीची राजधानी खाली अचलपूर, तेव्हाचं एलिचपूर. किल्ल्यात गेलात तर तलाव बघा, तोफा बघा, दरवाजावरचं दोन तोंडांच्या पक्ष्याचं, गंडभेरुंडाचं शिल्प बघा.

१८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला वेढला. सेनापती आर्थर वेलस्ली, तोच जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. किल्ला भोसल्यांकडे होता, किल्लेदार बेनीसिंग. इंग्रजांची एक तुकडी उत्तरेच्या बाजूने यायची होती, आणि तिकडून रस्ताच नव्हता. ७ ते १२ डिसेंबर असे दिवस घालून सैनिकांनी डोंगर-दऱ्यांतून स्वतः रस्ता करत जड तोफा हातांनी ओढत नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला. बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी भोसल्यांनी देवगावचा तह केला, आणि महिनाअखेरीस शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा. सकाळी जिथे आपण पोहे खाल्ले, तिथला.

हे सांगायचं कारण तारखा नाहीत. कारण रस्ता आहे. इथली प्रत्येक वाट कुणीतरी कशासाठी तरी केलेली आहे. तोफांसाठी, सागाच्या लाकडासाठी, १८२३ नंतर इंग्रज साहेबांच्या थंड हवेसाठी, आणि खूप नंतर आपल्यासाठी. जे लोक इथे आधीपासून राहतात, त्यांच्यासाठी रस्ता करायचं मात्र फार उशिरा सुचलं. त्यावर आता येतो.

त्याआधी पंचबोलचं एक मिनिट. तिथे ओरडलं की पाच प्रतिध्वनी येतात म्हणतात. इंजिनिअर माणूस, म्हणून हिशेब सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला कडा किमान सतरा मीटर लांब पाहिजे. इथे वेगवेगळ्या अंतरावर वेगवेगळे कडे आहेत, म्हणून एकच हाक पुन्हा पुन्हा परत येते. एकदा हाक मारा, ऐका, गप्प व्हा. पोर्टेबल स्पीकर गाडीतच राहू द्या. कड्यांना गाणं पाच वेळा ऐकायची हौस नाही.

गोराघाट ते हरिकेन पॉइंट काचेचा स्कायवॉक होतो आहे, ४०७ मीटरचा. लोक विचारतात, त्याबद्दल तुझं मत काय. होऊ द्या, गावात चार पैसे येतील, मी पण जाईन. पण तो झाल्याशिवाय इथे बघायला काही नाही असं समजू नका.

उत्तरेला, सेमाडोहकडे

बहुतेक लोक चिखलदऱ्यावरूनच परत फिरतात. वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी सेमाडोहकडे उतरा. इथून चित्र बदलतं. पॉइंट नाहीत, कणसं नाहीत. रस्ता, साग, बांबू आणि सिपना नदी.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. वाघ दिसेल या आशेने ड्राइव्ह करू नका, डोंगराळ दाट जंगल आहे, सहज दिसत नाही. गवा मात्र रस्त्यावर येतो. आणि सकाळी थांबून कान दिले तर कदाचित रानपिंगळा ऐकू येईल. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलंच नव्हतं. संपलं असं धरून चालले होते. ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरात, नंदुरबारकडे शहाद्याजवळ ते पुन्हा दिसलं आणि नंतर मेळघाटातही सापडलं. आज त्याचं मोठं घर मेळघाटच आहे. ते दिवसा वावरतं, उघड्या फांदीवर बसतं. शंभर वर्षं न सापडलेला पक्षी रस्त्याच्या कडेला बसलेला असू शकतो. हळू जायला अजून काय कारण पाहिजे?

इथली माणसं कोरकू. त्यांची भाषा मराठीची नाही, हिंदीचीही नाही. संथाली, मुंडारी यांच्या कुळातली. वाघाला ते 'कुला' म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मातीने सारवलेल्या, रंग दिलेल्या घरांच्या सरळ रांगा दिसतात. फोटो काढायचा मोह होतो. विचारून काढा. कुणी तुमच्या दारात थांबून तुमच्या आईचा भांडी घासताना फोटो काढला तर चालेल का, एवढाच हिशेब.

आणि एक लक्षात ठेवा. जंगलाच्या आत ज्या मोकळ्या कुरणांत आज हरणं चरताना दिसतात, त्यातल्या काही ठिकाणी पूर्वी गावं होती. बोरी, कोहा, कुंड. ती गाभा क्षेत्राबाहेर हलवली गेली. आपल्या फ्रेममधल्या मोकळ्या हिरव्या जागेत कधीकाळी कुणाची तरी ज्वारी होती.

पुढे हरिसाल. २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलेलं. आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी इथे थांबून विचार करावा असं ठिकाण. फायबर टाकणं सोपं आहे. शेवटच्या पाड्यापर्यंत डॉक्टर पोचवणं अवघड आहे. १९८० च्या दशकात डॉ. रवींद्र कोल्हे बैरागडला आले तेव्हा तिथे पोचायला साधारण ४० किलोमीटर पायी चालावं लागायचं. ते आणि डॉ. स्मिता कोल्हे तिथेच राहिले. दोघांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव गेली कित्येक वर्षं दवाखाना चालवतात. नव्वदच्या दशकात मेळघाट हे नाव सगळ्या महाराष्ट्राला कळलं ते वाघामुळे नाही, कुपोषणाने दगावणाऱ्या लेकरांमुळे. आणि त्या मृत्यूंचा कठीण काळ कोणता? पावसाळा. म्हणजे ज्या पावसाने आपल्यासाठी ऑक्टोबर एवढा हिरवा केला, त्याच पावसात इथल्या पाड्यांचे रस्ते तुटतात.

चहाच्या टपरीवर

गेल्या वर्षी मी आणि माझा मामेभाऊ घटांगला चहाला थांबलो होतो. बाकावर एक जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, चाळिशीचे असतील. परतवाड्यात घर, आतल्या गावात शाळा. रोज सकाळी अंधारात निघतात. मामेभावाने सहज विचारलं, "सर, रोज एवढा भारी व्ह्यू बघायला मिळतो तुमाले. मजा असन?"

ते हसले. म्हणाले, "मजा हाय ना. पण तुमी लोकं गाडी वळणावरच लावता अन् फोटो काढता. मांगून आमची यष्टी येते. ड्रायव्हरले तिथं काय दिसते सांगा बरं? अन् त्याच रस्त्यानं ॲम्ब्युलन्स येते, बाळंतपणाची बाई घेऊन. तिनं कुठून जाव?"

रागाने नाही बोलले. चहाचे पैसेही त्यांनीच दिले, आम्ही पाहुणे म्हणून.

मला ते वाक्य सोडत नाही. कारण २०२४ च्या सप्टेंबरात याच रस्त्यावर सेमाडोहजवळ एक प्रवासी बस पुलावरून खाली कोसळली. त्यात माणसं गेली. बसमध्ये शाळेवर निघालेले शिक्षक होते. सोमवारची सकाळ, कामावर जायची वेळ. आपण ज्या रस्त्याला ड्राइव्ह म्हणतो, तो कुणाचा तरी रोजचा अप-डाउन आहे. परतवाडा-सेमाडोह-हरिसाल-धारणी हा रस्ता म्हणजे एका अख्ख्या तालुक्याची शाळा, बाजार आणि दवाखाना.

आमच्या आधीच्या पिढीकडे अजून एक वाट होती. अकोला-खंडवा मीटरगेज. धूळघाटला ती गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून वर जायची. माझे बाबा अजून सांगतात. ती २०१७ मध्ये बंद झाली. अकोला-अकोट आता ब्रॉडगेज झालं आहे. पुढचा मार्ग जंगलातूनच न्यावा की हिवरखेड-सोनाळा-जामोद अशा गावांकडून बाहेरून वळवावा, यावर बराच वाद झाला. मला स्वतःला बाहेरचा मार्ग पटतो. वाघांना शांतता, आणि ज्या गावांना रेल्वे कधी मिळालीच नाही त्यांना स्टेशन. धूळघाटचा वळसा आपल्याला दिसणार नाही, ते मी सहन करीन.

तर चालवायचं कसं?

आता कामाच्या गोष्टी, पटापट.

घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल किंवा लो मोड कुठे आहे ते परतवाड्यातच शोधून ठेवा. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवायचा विचारही नको.

अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. नियमच आहे तो. आंधळ्या वळणावर एक छोटा हॉर्न, रात्री डिपर. जंगलाच्या आत विनाकारण हॉर्न नको.

फोटोसाठी थांबायचं तर सरळ रस्त्यावर, पूर्ण बाजूला, पार्किंग लाइट लावून. वळणावर आणि पुलावर कधीच नाही.

सकाळी धुकं असतं. लो बीम ठेवा, हाय बीमने समोर फक्त पांढरी भिंत दिसते. संध्याकाळी अंधार पडायच्या आत जंगलाचा रस्ता सोडा. अंधारात गवा दिसत नाही, तो गाडीला धडकल्यावरच कळतो.

माकडांना काही देऊ नका. चिप्सचं पाकीट कितीही गोंडस हात मागत असला तरी. खायची सवय लागली की ती रस्त्यावरच बसतात, आणि मग एखाद्या गाडीखाली जातात.

कचरा परत अमरावतीला, अकोल्याला घेऊन या. देवी पॉइंटला टाकलेली बाटली कुठल्या नदीने कुठे जाईल, हे आता तुम्हाला माहीत आहे.

आणि काहीतरी इथूनच विकत घ्या. मोथ्याचा खवा, इथली कॉफी, मध, एखाद्या कोरकू बाईकडून आवळे-सीताफळं. भाव करू नका. आपण मॉलमध्ये करत नाही.

सफारी करायची असेल तर जंगलाचे गेट पावसाळ्यानंतर ऑक्टोबरपासून उघडतात, बुकिंग आणि वेळा आधी बघून घ्या. आणि तारीख विचाराल तर दसरा ते दिवाळी. त्यातही कोजागिरीच्या आसपासचा आठवडा. शक्य असेल तर रविवार टाळा. वर्क फ्रॉम होमवाल्यांनी बुधवारची सुट्टी टाकावी, मॅनेजरला कारण मी सांगितलं म्हणून सांगा.

एवढंच. या ऑक्टोबरात जाल तेव्हा एक काम करा. कुठल्याही एका पॉइंटवर फोन खिशात ठेवून दहा मिनिटं बसा आणि समोरचं पाणी कुठल्या गावाला जातं ते शोधा. नकाशा घरी येऊन बघितला तरी चालेल. गावाचं नाव मला व्हॉइस नोटवर पाठवा. खारपाणपट्ट्यातले कुणी ऐकत असाल, तर तुमच्या घरी प्यायचं पाणी आज कुठून येतं तेही सांगा. पुढच्या महिन्यात त्या नोट्स घेऊन एक भाग करू.

आणि त्याआधी, पुढच्या भागात अकोटहून शहानूर गेटने नरनाळ्यावर जाऊ. अकोलेकरांनो, तुमचा किल्ला, तुमची पाळी.

चला, येतो. गाडी हळू चालवा.